मोबाईल यंत्र आणि घरातील चार माणसे

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात टेंभुर्णी, तालुका जाफराबाद, जिल्हा जालना येथे केलेले भाषण)



संस्थेच्या चालकांनी या मेळाव्यात आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकून मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात हयात घालविलेले शिक्षक. यंत्रविद्येचा अधिकार आम्हांस नाही. तेव्हा मोबाईलसारख्या विषयावर आम्ही बोलावे, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु सेवानिवृत्त झाल्यापासून आमच्या ओट्यावर मोबाईल घेऊन येणारांची रीघ लागलेली असते. "गुरुजी, हे काय आलंय, वाचा बरं जरा," असे म्हणून कोणी शेतकरी, कोणी वृद्ध माता, कोणी नवी सूनबाई यंत्र आमच्या हाती देते. या वाचनातून जे आमच्या ध्यानी आले, तेवढेच आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

भारतात पहिले मोबाईल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी ते केले. त्यानंतर एकवीस वर्षांनी, म्हणजे २०१६ साली, यूपीआय ही पैसे पाठविण्याची व्यवस्था सुरू झाली आणि केवळ बोलण्याचे हे साधन घरची तिजोरीही झाले. बँकेचे पासबुक, जमिनीचा सातबारा, मुलांच्या गुणपत्रिका, लग्नाच्या पत्रिका, देवाची गाणी, सारे काही आता त्या वीतभर पेटीत आहे. कपाशी व सोयाबीन विकून आलेला पैसाही त्यातच दिसतो. आम्ही या यंत्राची निंदा करण्यास उभे राहिलेलो नाही. परमुलखी असलेल्या लेकराचे तोंड आईला रोज दाखविणारे यंत्र निंद्य कसे म्हणावे? तथापि तिजोरी खिशात घालून बाजारात हिंडणाऱ्याने बाजारात चोर असतात, हे विसरून चालत नाही.

आता एका गोष्टीकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. पूर्वी गावात तार आली की सारी आळी गोळा होत असे. तार वाचण्यापूर्वीच बायका डोळ्यांस पदर लावीत. पण ती तार वाचली जाई चौघांत. पोस्टमन, मास्तर किंवा शिकलेला पोर ती मोठ्याने वाची. कोणी म्हणे, पुन्हा वाचा. कोणी म्हणे, नाव नीट पाहा, ही आपलीच का? ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पत्रही तसेच चौघांत वाचले जाई. आज मात्र निरोप येतो तो एकट्याच्या खिशात, एकट्याच्या कानात. बऱ्यावाईटाचा निवाडा करण्यास जवळ कोणी नसते. आमच्या मते आजच्या फसवणुकीचे मूळ येथे आहे. मोबाईलवरचा चोर क्वचितच यंत्राचे कुलूप फोडतो. तो माणसाला एकटे पाडतो आणि किल्ली त्याच्याच हातून मागून घेतो. भय, लोभ आणि विश्वास ही एकट्या माणसाला गाठण्याची त्याची तीन हत्यारे होत.

पहिले हत्यार भय. परक्या क्रमांकावरून दृश्य-संभाषण येते. समोर पोलिसी गणवेशातला माणूस, मागे न्यायालयाचे किंवा ठाण्याचे चित्र. तो म्हणतो, तुमच्या नावाच्या पार्सलात मादक द्रव्य सापडले, तुमच्या आधार क्रमांकावर गुन्हा नोंदला आहे, तुम्हांस 'डिजिटल अरेस्ट' केले आहे. खोलीबाहेर जाऊ नका, कोणास सांगू नका आणि तपासासाठी पैसे अमुक खात्यात भरा. मुंबईतील ८६ वर्षांच्या एका वृद्ध भगिनीस डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात अशाच दहशतीखाली ठेवून सुमारे २० कोटी रुपये लुबाडण्यात आले. वाचून थक्क व्हावे अशीच ही रक्कम आहे. परंतु आमच्या मनाला अधिक टोचते ते हे की, दोन महिन्यांहून अधिक काळ एक म्हातारे माणूस भयाने गप्प राहिले. 'डिजिटल अरेस्ट' नावाची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही, हे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या आपल्या नभोवाणी भाषणात स्पष्ट सांगितले, आणि थांबा, विचार करा, मग कृती करा, असा सल्लाही दिला. कोणतेही पोलीस ठाणे मोबाईलच्या पडद्यावर अटक करीत नाही आणि पैसे भरून निर्दोष ठरवीत नाही. खरा पोलीस आला तर तो दारात येईल आणि शेजारीही त्याला पाहतील.

दुसरे हत्यार लोभ. सोडत लागली, परतावा आला, घरबसल्या काम मिळेल, समभागांत दामदुप्पट होईल, अशी ही आमिषे असतात. प्रारंभी शेदोनशे रुपये खरेच देतात आणि मग हजारो नेतात. येथे एकच नियम पाठ करावा. आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही पाढे जसे घोकून घेत असू, तसाच तो घोकावा: पैसे येण्यासाठी पिन लागत नाही, पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. चौकोनी ठिपक्यांचे चित्र, ज्यास क्यूआर कोड म्हणतात, तेही पैसे देण्यासाठीच आपण टिपावयाचे असते. जुने कपाट किंवा बैलजोडी विकावयास काढली असता, "पैसे पाठवतो, हा कोड टिपा व पिन घाला," असे कोणी म्हणाला, तर तो गिऱ्हाईक नव्हे, चोर आहे, असे निःशंक समजावे.

तिसरे हत्यार विश्वास. ते सर्वांत धारदार आहे, आणि ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून त्याविषयी विस्ताराने बोलणे आम्हांस कर्तव्य वाटते. आपल्या समाजात लग्नाची पत्रिका आली की ती उघडून पाहणे हा शिष्टाचार आहे. नेमका याच शिष्टाचाराचा लाभ चोरांनी घेतला. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मराठवाड्यातीलच हिंगोली जिल्ह्यातील एका शासकीय कर्मचाऱ्यास व्हॉट्सॲपवर लग्नाचे निमंत्रण आले. त्याने ते उघडले. ती पत्रिका नव्हती. पत्रिकेचे सोंग घेतलेले एक ॲप होते. त्याच्या खात्यातून सुमारे एक लाख नव्वद हजार रुपये गेले. ज्या फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही तीन इंग्रजी अक्षरे असतात, ती चित्र किंवा कागद नसून मोबाईलमध्ये शिरून बसणारे ॲप असते. एकदा त्यास आपण परवानगी दिली की ते आपले संदेश वाचू शकते, बँकेचे अंक बाहेर पाठवू शकते. पीएम किसान योजनेच्या नावाने, बँकेच्या नावाने, वाहनाच्या दंडपावतीच्या नावानेही अशा फाईली फिरविल्या गेल्या आहेत. यास्तव संदेशातून आलेली अशी फाईल, ती सख्ख्या मामाकडून आलेली असली तरी, उघडू नये. कारण पुष्कळदा मामाचाच मोबाईल चोराच्या ताब्यात गेलेला असतो आणि मामास त्याचा पत्ताही नसतो. मामास फोन करून त्याच्या तोंडून खात्री करून घ्यावी. "दवाखान्यात आहे, तातडीने पैसे पाठव," असा लेखी निरोप आला, तरी हाच नियम.

ओटीपी म्हणजे एकदाच चालणारा परवलीचा अंक. किल्ल्यावरील पहारेकरी जसा परवलीचा शब्द ऐकूनच दिंडी उघडी, तशीच बँकही त्या अंकावर आपली तिजोरी उघडते. बँकेचा खरा माणूस तो अंक कधीही विचारीत नाही. त्याला विचारण्याचे कारणच नसते. व्हॉट्सॲपचा सहा आकडी अंकही कोणास सांगू नये. त्यात द्विस्तरीय पडताळणी अशी सोय आहे, ती घरातील मुलांकडून चालू करून घ्यावी. "तुमची अडचण दूर करतो," असे म्हणून कोणी आपला पडदा त्याला दाखविणारे ॲप घ्यावयास सांगितले, तर तेथेच संभाषण तोडावे.

तसेच आपल्या वधू-वर सूचीविषयी. मुलामुलीची जन्मतारीख, छायाचित्र, पूर्ण पत्ता, वडिलांचा मोबाईल, वेतन, शेती किती एकर, हे सारे आपण शेकडो माणसांच्या समूहात टाकतो. हेतू शुद्ध असतो. पण चोरास आयती शिदोरी मिळते. तो फोन करतो तेव्हा आपल्या मुलीचे नाव, गोत्र, गाव सांगतो आणि आपण म्हणतो, हा आपलाच माणूस. यास्तव समूहात नाव, शिक्षण, गाव एवढेच द्यावे. उर्वरित माहिती संस्थेच्या कार्यालयात ठेवून योग्य स्थळासच द्यावी, अशी आमची चालकांस नम्र सूचना आहे. आधारपत्राचे चित्र तर समूहात कदापि टाकू नये.

येथवर आपले नुकसान कसे टळेल, ते सांगितले. आता आपल्या हातून दुसऱ्याचा घात कसा टळेल, तेही सांगावयास हवे. १ जुलै २०१८ हा दिवस महाराष्ट्राने विसरू नये. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे बाजाराच्या दिवशी भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जण आले होते. मंगळवेढ्याकडील ही गरीब माणसे. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा कित्येक दिवस मोबाईलवरून पसरत होती. जमावाने त्यांस त्या टोळीतील समजून ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारले. पाचही जण गतप्राण झाले. कोणा पाच घरांचे कर्ते पुरुष गेले, आणि अफवा पुढे पाठविणाऱ्या शेकडो बोटांपैकी एकालाही, आपण या हत्येत भागीदार झालो, असे वाटले नसेल! त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास बंदी घातली. पुष्कळांनी पुढे ढकललेल्या संदेशावर दोन बाणांची खूण येते. ती खूण सत्याची नव्हे. ती केवळ गर्दीची आहे. अमुक जातीने असे केले, तमुक धर्माने तसे केले, अशा मजकुराचा संदेश आपल्या समूहात आला, तर तो आपल्यापाशीच थांबवावा. तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही असे वडील सांगत. बोटातून गेलेला तर दहा गावे फिरून येतो.

तरुणांसाठी एक गोष्ट पोटतिडकीने सांगतो. लुटलेला पैसा चोर स्वतःच्या खात्यात घेत नाही. तो कोणा गरजू मुलास गाठतो, "तुझे खाते व सिमकार्ड आम्हांस वापरू दे, महिन्यास एवढे देऊ," असे म्हणतो. मुलास वाटते, आपण काही चोरी केली नाही. पण पोलीस पैशाचा माग काढीत येतात ते ज्याच्या नावाचे खाते आहे, त्याच्याच दारी. चार-पाच हजारांसाठी नोकरीच्या वयात गुन्ह्याचा डाग लागतो. खाते, एटीएम कार्ड, सिमकार्ड या वस्तू सख्ख्या मित्रासही वापरावयास देऊ नयेत. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत, हे केंद्र सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर पाहता येते. मोबाईल हरवल्यास किंवा चोरीस गेल्यास तो बंद पाडण्याची व्यवस्थाही तेथेच आहे. त्यासाठी मोबाईलचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक लागतो. *#०६# अशी कळ दाबली की तो पडद्यावर येतो. आजच घरी जाऊन तो वहीत लिहून ठेवावा.

शरीररक्षणाविषयी दोन शब्द. या यंत्रातील लिथियम-आयन विद्युत्घट ही मोठी उपयुक्त वस्तू होय; तिच्या संशोधकांस २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण ती उष्णतेने व माराने बिघडते आणि बिघडली तर पेट घेते. उशीखाली ठेवून रात्रभर विद्युत्भार देऊ नये. फुगलेला विद्युत्घट वापरू नये. चार्जर लावलेला असता बोलू नये, विशेषतः वीज कडाडत असता. मोबाईल वीज ओढून घेतो, ही समजूत खरी नाही. उघड्या शेतात किंवा झाडाखाली उभे राहणे, हेच खरे संकट होय. आणि मान वाकडी करून, खांद्यावर मोबाईल दाबून मोटारसायकल हाकणाऱ्या आमच्या पुत्रांस काय सांगावे? मोटार वाहन कायद्यात त्यास दंड आहे, परंतु त्याहून मोठा दंड आई-बापांस भोगावा लागतो.

आता आजच्या भाषणाचे सार. एवढी सावधगिरी बाळगूनही कोणी फसला, तर काय करावे? १९३० हा राष्ट्रीय क्रमांक त्याच क्षणी लावावा. तक्रार नोंदली की ती संबंधित बँकांकडे जाते आणि चोराने पैसा काढून घेतला नसेल, तर तो वाटेतच अडविला जातो. चोर तो पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवीत असतो. म्हणून येथे दिवसांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब आहे. सोबतच बँकेस कळवून खाते गोठवावे व तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे तत्त्व घालून दिले की, बँकेचा वा ग्राहकाचा दोष नसता पैसे गेले आणि तीन कामकाजी दिवसांत कळविले, तर ग्राहकावर भार नाही. ग्राहकाने स्वतः गुप्त अंक सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे दोन्ही परी लवकर कळविण्यातच हित आहे.

परंतु बंधुभगिनींनो, १९३० हा क्रमांक लावण्यापूर्वी माणसाला एक उंबरठा ओलांडावा लागतो. तो लाजेचा होय. आमच्या परिसरातील एका भगिनीची हकिकत आम्ही नाव न घेता सांगतो. कापूस विकून आलेले पैसे तिच्या खात्यात होते. "कार्ड बंद होणार आहे," असा फोन आला, तिने अंक सांगितला, पैसे गेले. ती बाई बारा दिवस कोणाशी बोलली नाही. मुलगा रागावेल, सून हसेल, भावकीत नाव निघेल, या धास्तीने ती स्वयंपाक करीत राहिली व पदराआड रडत राहिली. मुलगा खत घेण्यासाठी पैसे काढावयास गेला, तेव्हा खाते रिकामे. तोवर वेळ निघून गेली होती. आम्ही त्या मुलास विचारले, "आईने त्याच घटकेला सांगितले असते, तर तू काय केले असतेस?" तो बराच वेळ खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, बोललो असतो मी तिला." चोराने पैसे नेले हे खरे, पण ते परत मिळण्याचा मार्ग आपल्याच घरातील धाकाने बंद केला, हेही तितकेच खरे आहे.

आपल्या समाजात अब्रूला फार मोल आहे आणि ते असावे. परंतु अब्रू जाते ती चोरी करणाऱ्याची. चोरी झालेल्याची नव्हे. शिकलेले अधिकारी, वकील, प्राध्यापकही या जाळ्यात सापडले आहेत. पुण्याच्या कॉसमॉस बँकेसारख्या जुन्या सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये संगणकाद्वारे दरोडा पडून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. मग आपली साधी माता चुकली, तर तिला मूर्ख म्हणण्याचा अधिकार कोणास?

म्हणून संस्थेपुढे आम्ही चार सूचना ठेवून थांबतो. पहिली, परक्याने पैसा, अंक किंवा गुप्तता मागितली की, यंत्र खाली ठेवून तो निरोप घरातील दुसऱ्या माणसास मोठ्याने वाचून दाखवावयाचा, असा घरोघरी रिवाज पाडावा. "कोणास सांगू नका," हे शब्द ऐकताच तो चोर समजावा. दुसरी, लग्नपत्रिका मोबाईलवर पाठवावयाची तर ती छायाचित्ररूपानेच पाठवावी, असा ठराव संस्थेने करावा. तिसरी, गावोगावी दोन शिकलेले तरुण व एक शिकलेली भगिनी नेमावी, ज्यांच्याकडे कोणासही संकोच न बाळगता मोबाईल घेऊन जाता येईल. विधवा व एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे त्यांनी आपण होऊन जावे. चौथी व सर्वांत महत्त्वाची, जो फसला त्याला त्या दिवशी घरात कोणीही एक शब्द बोलावयाचा नाही. आधी क्रमांक लावावयाचा, मग पाणी द्यावयाचे, आणि शहाणपण सांगावयाचे ते पुढे सवडीने.

या चार सूचनांस एका पैशाचाही खर्च नाही. त्यांपैकी चौथी तरी प्रत्येक कुटुंबाने आज घरी परतताना मनाशी पक्की करावी, एवढीच आमची हात जोडून विनंती आहे. 

जय हिंद! जय महाराष्ट्र!